अथेन्सहून शिडाच्या बोटीने सरोनिक बेटे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अथेन्सच्या दक्षिणेला सरोनिक आखात आहे. एजिना, पोरोस, हायड्रा ही बेटे आणि समोरच्या किनाऱ्यावरचे एपिदावरोस, यांतले एक बंदर दुसऱ्यापासून बहुधा बारा ते बावीस सागरी मैलांवर येते. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. चाळीस फुटी शिडाची बोट ताशी पाच-सहा मैल चालते, म्हणजे सकाळी नऊला सुटलात की दुपारी एक-दोनपर्यंत पुढचा धक्का. शिवाय इथे सँटोरिनी ज्यात येते त्या सायक्लेड्स बेटांसारखा मोकळा समुद्र अंगावर येत नाही. पहिल्या खेपेला सँटोरिनीचा हट्ट सोडा आणि इथे या.

एक गोष्ट आधीच पक्की करा. प्रेक्षणीय स्थळांची यादी समोर ठेवून दिवस आखू नका, धक्क्यावर जागा किती वाजेपर्यंत मिळेल ते पाहून आखा. नवख्यांची बहुतेक फजिती हे उलटे केल्यामुळे होते.

1. महिना ठरवा

हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीत बसणारा मे अखेर ते जूनचा दुसरा आठवडा हा काळ उत्तम: भाडे मध्यम, गर्दी कमी, वारा सौम्य. पाणी मात्र मे महिन्यात गारच असते, साधारण 20 अंश. पोहण्यावर भर असेल तर सप्टेंबर निवडा. दिवाळीच्या सुट्टीचा विचार करत असाल तर ती बऱ्याचदा हंगाम संपल्यावर येते.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. निरभ्र आकाशात, कसलीही सूचना न देता जोर धरणारा हा कोरडा वारा. बाल्कनवरचा जास्त दाब आणि तुर्कस्तानवरचा कमी दाब यांच्यामुळे तो तयार होतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाबाचा पट्टा इराणमार्गे थेट आपल्या मान्सूनच्या कमी दाबाशी जोडलेला असतो. म्हणजे आपल्याकडे कोकणात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा तिकडेही खलाशी वाऱ्याकडे बघत बसलेले असतात. सरोनिकमध्ये त्याचा जोर कमी होतो, पण संपत नाही.

2. बोट कशी घ्यायची

तीन प्रकार आहेत. नुसती बोट भाड्याने घेणे, बोट आणि स्किपर (बोट चालवणारा कप्तान) घेणे, किंवा पूर्ण खलाशीवर्ग व आचाऱ्यासह मोठी बोट घेणे. नुसती बोट घ्यायची तर ग्रीसमध्ये दोन जाणती माणसे दाखवावी लागतात. एकाकडे मान्य परवाना आणि दुसऱ्याकडे किमान अनुभवाचे लेखी निवेदन हवे. परवान्याची मूळ प्रत सोबत लागते, फोनमधला फोटो चालत नाही. तिसऱ्या प्रकारात भाड्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रक्कम खाणे-इंधन-बंदरशुल्कासाठी आगाऊ द्यावी लागते, हे अनेकांना शेवटी कळते.

बहुतेकांसाठी स्किपरसह बोट हाच योग्य मार्ग. स्किपरचे मानधन साधारणपणे दिवसाला 180 ते 250 युरो, जेवण तुमच्याकडे. आता नेहमीचा सापळा: तीन केबिनची बोट, तुम्ही सहा जण, मग स्किपर झोपणार कुठे? तो बैठकीच्या खोलीत झोपला तर रात्री पाणी प्यायला उठणाराही त्याला ओलांडून जातो. सहा जण असाल तर चार केबिनची बोट घ्या. 'दहा जण झोपू शकतात' या जाहिरातीवर जाऊ नका, त्यात बैठकीची बाकेही धरलेली असतात. दोन स्वच्छतागृहे असलेली बोटच बघा.

भाडे पाहताना वेगळे लागणारे खर्च लेखी मागा: अंतिम साफसफाई, चादरी-टॉवेल, छोट्या रबरी होडीचे इंजिन, डिझेल आणि सात मीटरवरच्या बोटींना लागणारा जलप्रवास कर. सुरक्षा ठेव बहुधा 2,000 ते 4,000 युरो असते आणि ती क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा भारतातून निघण्यापूर्वी वाढवून घ्या. धक्क्यावर उभे राहून बँकेला फोन करण्यात पहिली संध्याकाळ जाते.

बोटीचा आठवडा शनिवार संध्याकाळी पाचपासून पुढच्या शनिवारी सकाळी नऊपर्यंत. पण बोट शुक्रवारी संध्याकाळीच मूळ मरीनात (अशा बोटी बांधायच्या बंदरात) परत आणावी लागते. म्हणजे हातात सहा दिवस, सात नव्हे.

3. कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये भेटीच्या तारखा मिळणे अवघड असते. प्रौढांचे शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांचे 45. लागणारी कागदे अशी:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पाने
- किमान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा. त्यात शिडाच्या बोटीवरचा प्रवास वगळलेला नाही ना, हे अटींमध्ये वाचा
- विमान आरक्षण, बँकेची विवरणपत्रे, आयकर रिटर्न, नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा
- बोटीचा करारनामा आणि प्रवाशांची यादी
- पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचे हॉटेल आरक्षण

शेवटच्या दोन बाबी नीट समजून घ्या. व्हिसा अर्जात मुक्कामाचा पत्ता विचारतात आणि तुमचा मुक्काम तर हलता आहे. करार गटातल्या एकाच्याच नावाने असतो, त्यामुळे बाकीच्यांचा मुक्काम कागदावर दिसतच नाही. कंपनीकडून सर्वांची नावे, पासपोर्ट क्रमांक, मरीनाचा पत्ता आणि तारखा असलेले पत्र घ्या, सोबत एका पानाचा दिवसवार मार्ग जोडा. प्रवाशांच्या यादीत नाव नसलेला माणूस बोटीवर घेता येत नाही. 'मावसभाऊ दोन दिवस पोरोसला येऊन मिळेल' असे बेत आधीच यादीत घाला.

कोस किंवा सिमी या ग्रीक बेटांवरून समोरच्या तुर्की किनाऱ्यावर जायचा मोह पुढे कधी झालाच, तर एकाच प्रवेशाच्या व्हिसावर जाऊ नका. शेंगेनमधून बाहेर पडलात की तो संपतो. सरोनिकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

4. सामान आणि शिधा

कडक सुटकेस आणू नका. बोटीवर ती ठेवायला जागा नसते, ती तुमच्या अंथरुणावरच झोपते. घडी होणारी कापडी बॅग आणा. फिक्या तळाचे, डेकवर काळे डाग न पाडणारे बूट, वारा अडवणारे जाकीट, दोरी असलेली टोपी, मुलांसाठी लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे, डोक्याला लावायचा दिवा. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि निघण्याच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने झोप येते हेही लक्षात ठेवा. आलेपाक खिशात असावा. मळमळू लागले की केबिनमध्ये जाऊन आडवे व्हायची इच्छा होते, तेच करू नका. वर बसा, क्षितिजाकडे पाहा.

खाण्याचे: युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, पेढे घरीच. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्याही नकोत. पोहे, रवा, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, कोरड्या चटण्या चालतात. तीन लिटरचा छोटा कुकर मात्र जरूर न्या. बोट डुलताना उघडे पातेले धोक्याचे असते, कुकरचे झाकण बंद असते. शिवाय गॅस आणि पाणी दोन्ही वाचते.

बाकी सगळे तिथे मिळते. ग्रीक दही आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारे. 'फावा' म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटलेली, 'रेवीथिया' म्हणजे छोले, 'फाकेस' म्हणजे मसूर. शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: 'नीस्तीसिमो', म्हणजे उपवासाचे. यात मांस, अंडी, दूध नसते. पण त्यांच्या उपवासाला कालवे-कोळंबी चालते, तेव्हा तेवढे विचारून घ्या. आपल्या उपवासाला साबुदाणा चालतो, तसेच ते!

मोठी दुकाने रविवारी बहुतेक ठिकाणी बंद असतात आणि बोट हातात येते शनिवारी संध्याकाळी. म्हणून दोघांनी बोट ताब्यात घ्यावी, दोघांनी त्याच वेळी खरेदीला जावे. पहिल्या दोन दिवसांचे भरा, पुढे बेटांवर मिळते. पिण्याचे पाणी माणशी रोज दोन ते तीन लिटर धरून बाटल्या घ्या. टाकीतले पाणी धुण्यासाठी.

5. बोट ताब्यात घेताना

बोट जिथून सुटते त्या आलिमोस मरीनाकडे अथेन्स विमानतळावरून किनाऱ्याच्या रस्त्याने जाणारी एक्स-96 बस आहे, ती पुढे पिरेयसला जाते. सामान आणि मुले असतील तर टॅक्सीच बरी.

ताब्याला दीड-दोन तास द्या. स्किपर असला तरी ठेव तुमची आहे, म्हणून सोबत फिरा:

- बाहेरून चारही बाजूंचे, सुकाणूचे आणि रबरी होडीच्या तळाचे फोटो. जुने ओरखडे यादीत लिहून घ्या
- जीवरक्षक जाकिटे मोजा आणि मुलांना प्रत्यक्ष घालून बघा. लहान मापाची आधी मागितल्याशिवाय मिळत नाहीत
- नांगराची साखळी किमान पन्नास-साठ मीटर आहे का, नांगर उचलणारे यंत्र आणि त्याचा विजेचा खटका कुठे आहे
- स्वच्छतागृहाच्या झडपा, पाण्याचा पंप, गॅसची चावी, अग्निशामक
- डिझेल आणि पाण्याचे काटे. दोन्ही टाक्या भरलेल्या दाखवाव्यात

6. बोटीवरचे पाणी, वीज आणि संडास

चाळीस-पंचेचाळीस फुटी बोटीत साधारण 300 ते 600 लिटर पाणी मावते. आठ माणसांनी घरच्यासारखी आंघोळ केली तर टाकी दुसऱ्या सकाळी कोरडी. माणशी दिवसाला वीस लिटरचा हिशेब ठेवा. समुद्रात पोहून मागच्या फळीवरच्या शॉवरने मिनिटभर अंगावरचे मीठ धुवायचे, तीच आंघोळ. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळून मग गोड पाण्याने धुवा.

संडासाचा नियम कडक आहे: खाल्लेले सोडून दुसरे काहीही आत टाकायचे नाही. कागदसुद्धा नाही, तो डब्यात. नळी जेमतेम दीड इंचाची असते आणि ती तुंबली की दुरुस्तीचा खर्च ठेवीतून जातो. आपल्याकडचा जेट तिथे नसतो, पण बेसिनचा नळ बहुधा बाहेर ओढता येतो आणि शॉवर म्हणून वापरतात. तो उपयोगी पडतो. बंदरात असताना मैल्याची टाकी बंद, रिकामी करायची ती किनाऱ्यापासून दूर गेल्यावर.

फोनचे चार्जिंग बंदरातली वीज जोडलेली असताना करा. फ्रिज बॅटरी खातो, तो सारखा उघडू नका.

7. मार्ग

*रविवार: आलिमोस ते एजिना, साधारण 16 मैल.* वाटेत उजवीकडे पिरेयस आणि सलामिस दिसते. इ. स. पू. 480 मध्ये इथल्याच सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. एजिनाच्या बंदरालगत कोलोना टेकडीवर अपोलोच्या देवळाचा एकुलता खांब उभा आहे. प्राचीन बंदर त्याच्या शेजारीच होते. ग्रीसमधली सगळ्यात जुनी चांदीची नाणी पाडणाऱ्यांत हे बेट होते आणि त्यांच्यावर कासव असे. 1828 मध्ये स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानीही हीच. अफायाचे देऊळ, सुमारे इ. स. पू. 500 मधले, बेटाच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवर आहे. आगिया मरिनाच्या बसने जा. त्याच्या त्रिकोणी शिरोभागातली शिल्पे शोधू नका, ती म्युनिकला आहेत. बंदराच्या तोंडाशी फेरीबोटी ये-जा करतात आणि त्यांच्या लाटेने बोट धक्क्यावर आपटू शकते. म्हणून मागची बाजू धक्क्यापासून किमान दीड-दोन मीटर लांब ठेवून बांधा. पिस्ते इथूनच घ्या.

*सोमवार: पालिया एपिदावरोस, साधारण 14 मैल.* हा मुक्काम चुकवू नका. गावातच छोटे प्राचीन नाट्यगृह आहे. जवळच्या किनाऱ्यालगत जेमतेम दोन मीटर पाण्याखाली रोमनकालीन वाड्याच्या भिंती आणि मोठे रांजण दिसतात, त्यासाठी पोहण्याचा चष्मा आणि नळी पुरे. त्या जागेवर नांगर टाकायचा नाही. आणि एक खापरीसुद्धा उचलायची नाही: ग्रीसमध्ये पुरावस्तू उचलणे हा फौजदारी गुन्हा आहे, 'ठिकरी तर आहे' ही सबब चालत नाही. मोठे, सुमारे 14,000 प्रेक्षकांचे नाट्यगृह आत पंधराएक किलोमीटरवर, टॅक्सीने. परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा.

*मंगळवार: पोरोस, मेथाना या ज्वालामुखी द्वीपकल्पाला वळसा घालून 21-22 मैल.* हा दिवस लांब आहे, लवकर सुटा. पोरोस आणि समोरचे गालातास यांच्यामधली चिंचोळी खाडी सुंदर आहे, पण गालातासच्या बाजूला पाणी उथळ होते. स्किपर त्या बाजूला जात नसेल तर त्याला घाई करू नका. वर कालावरियाला पोसायडनच्या देवळाचे अवशेष आहेत. इ. स. पू. 322 मध्ये वक्ता डेमोस्थिनीसने इथेच आश्रय घेऊन विष प्राशन केले. उभे खांब फारसे उरलेले नाहीत. जागेसाठी जा.

*बुधवार: हायड्रा, 12-13 मैल.* स्थानिक उच्चार 'ईद्रा'. मोटारी नाहीत, ओझी गाढवे-खेचरे वाहतात. बंदर नालासारखे वळलेले आणि फारच लहान. इथे दुपारी बारापर्यंत पोहोचलात तर जागा मिळण्याची आशा, तीन वाजता पोहोचलात तर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, इतरांच्या बोटींना बोट बांधून. मग जेवायला जाताना दोन अनोळखी बोटींच्या डेकवरून, पुढच्या बाजूने, बूट हातात घेऊन जायचे. सकाळी हमखास होणारा गोंधळ म्हणजे नांगरांच्या साखळ्या एकमेकींवर पडणे. तुमचा नांगर उचलताना शेजाऱ्याची साखळी वर येते. ती दोरीने अडकवून धरायची, आपला नांगर खाली सोडून मोकळा करायचा, मग दोरी सोडायची. हे काम स्किपरचे. तुम्ही त्या वेळी पुढे गर्दी करू नका आणि साखळीला हात लावू नका. ही कटकट नकोच असेल तर समोर मुख्य भूमीवर एर्मिओनीला बोट बांधा आणि फेरीने हायड्रा पाहून या.

*गुरुवार: उत्तरेकडे पेर्दिका, एजिनाचे दक्षिण टोक, पंचवीसएक मैल.* वारा बहुधा समोरून येणार. शिडे खाली, इंजिन चालू, तोंडावर पाणी. आठवड्यातला निम्मा प्रवास इंजिनावर होणार हे गृहीत धरा. इंजिन तासाला तीन-चार लिटर डिझेल खाते. अंदाज जोराच्या वाऱ्याचा असेल तर हायड्रा सोडून द्या आणि बुधवारीच पोरोसहून परत फिरा.

8. धक्क्याला बोट लावताना तुमचे काम

भूमध्य समुद्रात बोट आडवी नव्हे, पाठ लावून बांधतात. धक्क्यापासून चाळीस-पन्नास मीटरवर नांगर टाकायचा, मागे येत राहायचे, साखळी सोडत राहायची, शेवटी मागचे दोन दोर धक्क्यावरच्या कड्यांना. वारा ज्या बाजूने असेल त्या बाजूचा दोर आधी. मग साखळी आवळून बोट ताणून धरायची. हे जमते कारण इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, फरक काही सेंटीमीटरचा. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, तिथे असे ताणून बांधले तर ओहोटीला बोट दोरांना लटकेल. कोकणात खाडीत शिरायला भरतीची वाट पाहावी लागते, इथे कोणत्याही वेळी आत या. अडते ते फक्त जागेवर.

फेंडर (बोट घासू नये म्हणून लटकवायचे हवेचे फुगे) दोन्ही बाजूंना आणि मागे आधीच लावा. दोर धक्क्यावरच्या माणसाकडे फेकण्यापूर्वी त्याचे दुसरे टोक बोटीला बांधले आहे का ते पाहा. सगळा दोर पाण्यात जाणे ही नेहमीची फजिती. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालू नका, आठ-नऊ टनांची बोट पायाने थांबत नाही. धक्क्यावर उडी मारू नका. मुले त्या दहा मिनिटांत कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या खोलगट बैठकीत, बसलेली. आणि कोणीही स्किपरला सूचना देऊ नये, विशेषतः एकाच वेळी तिघांनी!

9. रोजचा वारा

ग्रीसमध्ये वारा बोफोर्ट मापात सांगतात. चार म्हणजे ताशी 11 ते 16 सागरी मैल, शिडांना मस्त. पाच म्हणजे 17 ते 21, नवख्यांना थोडे जास्त. सहाचा अंदाज असेल तर बंदरातच राहा. ग्रीक हवामान खात्याचा अंदाज रोज संध्याकाळी स्किपरसोबत पाहा आणि उद्या कुठे जायचे ते तेव्हाच ठरवा. निघायचे की नाही याचा शेवटचा शब्द स्किपरचा. 'पैसे भरलेत, आजच जायचे' असे म्हणून त्याला भरीला पाडू नका.

10. परतीचा शुक्रवार

पेर्दिका ते आलिमोस वीसएक मैल, पुन्हा उत्तरेकडे. आखातातल्या साऱ्या भाड्याच्या बोटी याच दिवशी परततात आणि डिझेलसाठी रांग लागते. दुपारी दोनच्या आत मरीनात शिरा. टाकी भरल्याची पावती जपून ठेवा, नाहीतर इंजिनाच्या तासांवरून कंपनी आपला हिशेब लावते.

बुडी मारणारा माणूस येऊन बोटीचा तळ आणि इंजिनाचा पंखा तपासतो. त्या वेळी बोटीवर हजर राहा, शनिवारी काढलेले फोटो हाताशी ठेवा. काही मोडले असेल तर आधीच सांगा. दोन हजारांच्या ठेवीतून तुटलेल्या पेल्याचे पाच युरो जाणे परवडते, लपवलेल्या फाटलेल्या शिडावरून वाद घालणे नाही. ठेव मोकळी झाल्याचे लेखी घ्या. स्किपरला बक्षिसी रोख, सर्वांची मिळून, पाकिटात. उरलेले पोहे आणि मसाला त्याला देऊन टाका. नाही म्हणत नाहीत.